फाँशमामाची झील

सोमवार, ११ फेब्रुवारी १९७४

बंद पडलं एकदाचं कोंबड्यांच्या कारखान्यातलं काम! सकाळी मारिव्हॉनने सुरी खाली ठेवली, मग मी, मग बाकीच्या सगळ्या जणी. सोललेल्या कोंबड्या पट्ट्याच्या आकड्यांना उलट्या लटकून नुसत्याच पुढे जात राहिल्या. मागणी एकच — पट्ट्याचा वेग कमी करा. गेल्या महिन्यात मारिव्हॉनचं बोट तुटलं ते त्या वेगापायीच. वेग ठरवतो मॅनेजर, पण शेजारी घड्याळ घेऊन उभा राहतो तो आमचा सुपरवायझर. म्हणजे माझा सख्खा मामा.

फाँशमामा आमच्याबरोबर बाहेर आला नाही. "स्वाझिग, घरी जा," एवढंच म्हणाला. घरी जा म्हणे! मी काय आता लहान आहे?

गुरुवार, १४

फाटकाबाहेर उभं राहून पाय गारठतात, म्हणून गातो. नाचाच्या जुन्या चालीवर मी नवे शब्द बसवते, बाकीच्या उचलतात. सगळं आमच्या ब्रेटन भाषेत. मॅनेजर पॅरिसचा, फ्रेंच बोलणारा, त्याला ओ की ठो कळत नाही. आज आम्ही त्याच्या टकलावर गात होतो आणि हा गडी पायाने ठेका धरून उभा! शेवटी त्याने मामाला विचारलं, काय गातायत म्हणून. मामा म्हणाला, "कापणीचं गाणं आहे साहेब. जुनं आहे." बायकांची हसून पुरेवाट झाली.

मी नाही हसले. मामावर राग आहे माझा. त्याच्यावरचं कडवंही रचलंय —

पट्टा पळतो, सुरी पळते, बोट पळावं कुठं?
घड्याळ घेऊन उभा कडेला, त्याचं काय तुटं?

हेच सगळ्यांना जास्त आवडलं. मारिव्हॉन तर परत परत म्हणायला लावते.

मंगळवार, १९

शेतकऱ्यांनी बटाटे आणि दूध आणून दिलं. घरी रोज कुट्टूच्या पिठाची धिरडी. आई भावाचं नाव काढत नाही, मीही काढत नाही.

शनिवार, २३

पुढच्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये नाचाची रात्र ठरली. आजूबाजूची सगळी गावं येणार, तिकिटाचे पैसे संपवाल्यांच्या चुलीसाठी. नाच रंगला तर आणखी पंधरवडा तग धरू. फसला तर निम्म्या बायका सोमवारी आत जातील, आणि त्यांना बोल तरी कोणत्या तोंडाने लावायचा? पोरं आहेत त्यांच्या घरी.

पण आमच्या नाचाला पेटी नाही, ढोल नाही. दोन गळे लागतात. एकाने ओळ टाकायची, ती संपता संपता दुसऱ्याने झेलायची आणि जशीच्या तशी परत म्हणायची. श्वास घ्यायला फट राहिली की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. दहा वर्षांची असल्यापासून माझी झील मामानेच धरलीय. दुसऱ्या कोणाबरोबर मला जमतच नाही!

आज मारिव्हॉनबरोबर बसून बघितलं. तिची झील येते ती नाच संपून लोक घरी गेल्यावर. तीच म्हणाली, "माझ्यापेक्षा आपल्या कोंबड्या बऱ्या गातील गं."

सोमवार, २५

गेले शेवटी मामाकडे. मामीने दार उघडलं आणि गोठ्याकडे बोट दाखवलं. मामा गाईखाली बसला होता. वर बघितलं नाही.

"मामा, शनिवारी येशील?"

"तुझ्या गाण्यात मी आहे ना?"

"आहेस."

"मग ते मी परत म्हणायचं? माझ्याच तोंडाने?"

"झील धरणाऱ्याने शब्द बदलायचा नसतो. तूच शिकवलंस."

"म्हणूनच नाही येत," म्हणाला. मग दूध काढता काढताच, "घसा जप. थंडीत ओरडतेस फार."

सायकलवर बसून घरापर्यंत रडत आले. माझं त्याच्यावर किती प्रेम आहे, आणि कसला संताप येतो!

शुक्रवार, १ मार्च

मारिव्हॉनच उभी राहणार. देवा, सांभाळ.

रविवार, ३ मार्च

काल काय झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

हॉल गच्च भरलेला. मी आणि मारिव्हॉन वर चढलो. तिसऱ्या ओळीलाच तिचा दम संपला, नाचाची साखळी डगमगली, मागे कुणीतरी हसलं. तेवढ्यात गर्दीतून मामा आला. रविवारी चर्चला घालतो तो कोट घालून. मारिव्हॉन त्याच्याकडे न बघता बाजूला झाली. त्याने नेहमीसारखा माझ्या दंडात दंड अडकवला आणि ओळ झेलली. साखळी सावरली! टकलाचं कडवं झालं, लोक हसून बेजार.

मग आलं मामाचं कडवं. माझ्याच्याने म्हणवेना. सरळ पुढच्या कडव्यावर उडी मारली. पण गाणं सगळ्यांना पाठ होतं — नाचता नाचता माना वर झाल्या. मारिव्हॉन माझ्याकडे बघत होती.

झील धरणारा कधी पुढे जात नाही. मामा गेला. माझी ओळ मध्येच तोडून त्याने स्वतः टाकलं ते — पट्टा पळतो, सुरी पळते — सगळं, घड्याळवाल्यासकट, खणखणीत आवाजात. आणि झील धरायची पाळी माझ्यावर आली. आवाज चिरकला माझा, पण धरली. नाच थांबला नाही.

खाली उतरल्यावर मामा म्हणाला, "गाणं अर्धवट सोडायला शिकवलं होतं का मी?" मी त्याला घट्ट मिठी मारली. कारखान्याच्या ऑफिसातले दोन कारकून दाराशीच उभे होते. ते मला आत्ता, लिहिताना आठवतायत.

सोमवार, ४

मामाला कामावरून काढलं.

मंगळवार, ५

मॅनेजर स्वतः फाटकापर्यंत आला. वेग कमी करतो म्हणाला, लिहून देतो, उद्या आत या. जिंकलो होतो आम्ही! कुणीच टाळी वाजवली नाही. सगळ्या मारिव्हॉनकडे बघत होत्या, आणि मारिव्हॉन त्याला म्हणाली, "साहेब, फाँश आत आल्याशिवाय आमच्यातली एकही येणार नाही."