बंद पाडलेला तास

मुळशी, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
हेमलताचा सा. न.

गौतमी सुखरूप पोचली ना? जत्रेला आली तेव्हा लेकीला तुझ्या मी माझ्या सातवीच्या वर्गात बसवलं होतं. आपल्या वेळी बाई शरीराच्या त्या धड्याची पानं उलटून घरी वाचा म्हणायच्या, आणि घरी तू पुस्तकच लपवायचीस! आता मी पाळीबद्दल शिकवते, नको तो स्पर्श झाला तर कुणाला सांगायचं तेही. ते ऐकताना पोर उठून बाहेर गेली. निघताना विचारलं, मुलीनं सांगितलं तर आईला घराबाहेर काढतात का. मला चैन नाही. तुमच्याकडे फोन सगळ्यांच्या हातात, म्हणून पत्र.

तुझी माया आहे तशीच राहो.
हेमा

नेरे, ७ फेब्रुवारी

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

हितं समदं बरं हाय. उगा घोर लावून घेऊ नगंस. आमच्या शाळेत बी तसला तास लावला हुता. माझे धाकले दीर, कैलासभावजी, पालकसभेत उभं ऱ्हायले आन् बंद पाडला. म्हनले, पोरी बिघडत्यात. लई जीव हाय त्यांचा गौतमीवर. रस्त्याला डंपर, म्हून रोज शाळेला तेच सोडत्यात. पोरगी मातुर हल्ली सकाळी पोट दुखतंय म्हनती, जेवत न्हाई. वय हाय, दुसरं काय? येताना आंबेमोहोर आन.

जीव लावतीस तशी लावत ऱ्हा.
आशालता

मुळशी, ११ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न.

पत्र मिळताच तिला त्यांच्याबरोबर पाठवणं थांबव. एकटीला जवळ घे आणि विचार. रागावू नकोस. नाव ऐकून, असं होणारच नाही, म्हणू नकोस. तेवढ्यालाच ती भीत असेल. रजा मिळाली की येतेच.

तुझीच,
हेमा

नेरे, १७ फेब्रुवारी

चि. हेमास आशीर्वाद.

इचारलं. नाव घेतलं तिनं. कैलासचंच. खरं हाय तुजं, मी म्हनले, तवा रडली. सासूबाई म्हनल्या, घरातलं घरात मिटवा. मी पोरीचा हात धरला आन् पोलिसांत गेले. तितल्या बाईंनी इचारलं, तर न अडखळता सांगितलं तिनं. शब्द हुते तिच्यापाशी. त्या वयात आपल्यापाशी एक बी नव्हता.

कैलासला नेलंय. पन दारात कोनी येत न्हाई. भाजीवाली बी पुढच्या घरी जाती. हे ओट्यावर बसून ऱ्हात्यात, पोरीकडं बघत न्हाईत. पुढच्या सोमवारी कोर्टात तिचा जबाब हाय. काल हे एवढंच म्हनले, अजून तक्रार मागं घेता येती. मी न्हाई घेनार.

आशीर्वाद हायेतच, आता सोबत दे.
आक्का