बाटलीतले बुडबुडे

तीर्थरूप आईस,
लांबूनच तुझ्या पाया पडते.

काळजी करू नकोस, बाळाचा श्वास बराच सावरलाय. घशात नळी घालावी लागली नाही, नाकाला लावलेल्या नळीच्या हवेवरच भागलं. त्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेलं असतं, ते सारखं बुडबुडतं. त्या आवाजानं माझं डोकं उठायचं.

काल आवाज थांबला. मला हायसं वाटलं आणि डोळाच लागला. नर्सबाईंनी धावत येऊन नाकातून निसटलेली नळी परत बसवली. बाळाचे ओठ निळे पडले होते गं, आणि मी शेजारीच होते.

माझी चिंगी तुझ्याकडे नीट जेवते ना? दंगा करते म्हणून निघताना तिच्यावर खेकसले होते. तिला सांग, मी आले की खुशाल घर डोक्यावर घे.

तुझीच,
धाकटी