एका बोंबलाचे पाच अर्ज

मानखुर्द,
६ ऑगस्ट २०२४

ती. मालनआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तुझ्या कानातली मशीन शिटी मारते आणि व्हॉट्सॲपवर तू नुसता अंगठा दाखवतेस. तेव्हा पत्रच बरं.

संशोधनाच्या सरकारी अनुदानासाठी अर्ज केला. विषय तोच, दमट हवेत वाळताना बोंबील का नासतो आणि कमी मिठात टिकेल कसा. याआधी दोनदा नकार आला. तिसऱ्यांदा आला की त्या विषयावर पुन्हा अर्ज करता येत नाही. प्रयोगशाळेतली माझी नोकरी हंगामी, तीही मार्चमध्ये संपते. अनुदान मिळालं तर तीन वर्षं काम चालेल, नाहीतर बोंबलाला रामराम ठोकून बिस्किटांच्या कारखान्यात चव बघायला जायचं.

शंभर जण अर्ज करतात, नऊ जणांना मिळतं. हे तुला सांगणार नव्हते, कारण तू काळजी करतेस आणि गोळी घ्यायला विसरतेस. योजना कुणाही नागरिकाला खुली आहे, म्हणून एवढी गर्दी. यंदा एक बरं झालंय, वाचणाऱ्या तज्ज्ञांना अर्जदाराचं नाव, वय, शिक्षण काहीच दिसणार नाही, फक्त मजकूर. अर्जाची छपाई निलेशच्या मरोळच्या दुकानात केली. तुझ्या लेकाने पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. मला तर तो आजारीच वाटला.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
श्वेता


बोरिवली,
१९ ऑगस्ट २०२४

चि. श्वेतास,
अ. उ. आ.

पत्र वाचून डोक्याला हात लावला. शंभरात नऊ, आणि तू अर्ज भरलास एक! एवढी शिकलीस ती कशाला गं? आमचं हे घर म्हाडाच्या सोडतीत लागलं, तेव्हा घरातल्या सात जणांनी अर्ज भरले होते. लागलं सासूबाईंच्या नावाने. कुणाचंही लागो, राहायचं सगळ्यांनी, असं आधीच ठरलं होतं.

म्हणून निलेशला कामाला लावलं. तुझा अर्ज त्याच्या कॉम्प्युटरवर होताच. शेवटच्या तारखेला नावं बदलून आणखी चार भरले. माझा, निलेशचा, सूनबाई तेजलचा आणि तुझ्या लवूकाकाचा. लवूदादा चौऱ्याहत्तरचा झाला, पण शिक्षण चौथी लिहिताना जराही लाजला नाही. अनुभव म्हणून गिरणीतली सगळी वर्षं लिहायला लावली. आता शंभरात पाच आपले. कुणालाही लागो, प्रयोग तूच करायचेस.

लग्नाचं विचारणार नाही असं ठरवलंय, म्हणून विचारत नाही.

वेळेवर जेव, आणि आमची आठवण ठेव.

तुझी,
आत्या


मानखुर्द,
२६ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सा. न.

वाट लागली. याहून सभ्य शब्द सापडत नाही.

अगं, ही सोडत नाही. इथे चिठ्ठी काढत नाहीत, तज्ज्ञ वाचून गुण देतात. एकच मजकूर पाच नावांनी गेला म्हणजे चोरी, आणि चोर म्हणून आधी मलाच धरतील. मुदत संपल्यावर अर्ज मागे घेता येत नाही. मी दिल्लीच्या कार्यालयाला सगळं खरंखुरं लिहून कळवलंय, तुझ्या म्हाडासकट. निलेशला झापलं, तर म्हणतो, आईने सांगितलं. चाळिशीचा घोडा, आणि आईने सांगितलं!

तुझ्यावर नीट रागावताही येत नाही, याचाच जास्त राग येतोय. तरी लोभ असू दे, दुसरं आहे काय माझ्याकडे?

श्वेता


बोरिवली,
२ सप्टेंबर २०२४

चि. श्वेतास,
अ. आ.

चूक माझीच. घास उतरत नाही. मीही त्या कार्यालयाला लिहिलंय की घोडचूक म्हातारीची आहे, आमचे चारही फाडून टाका, पण पोरीच्या कागदाला हात लावू नका.

एक मात्र सांगते. मागच्या वेळी नकार आला तेव्हा तू दार लावून बसलीस, सणालासुद्धा आली नाहीस. तसं तुला पुन्हा बघायची माझी हिंमत नव्हती गं. म्हणून केलं.

राग गेला की लिही. नाही गेला तरी लिही.

आत्या


मानखुर्द,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. मालनआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी बसून घे. निकाल लागला. माझा अर्ज नाकारला. शेरा असा की विषयात नावीन्य नाही. निलेशचा भाषा कच्ची म्हणून गेला. तेजलला कळवलंय की असं काम परदेशात केव्हाच होऊन गेलं. तुझा व्यासंग त्यांना फार आवडला, पण तू पैसे जास्त मागितलेस. आणि लवूकाकाला अनुदान मंजूर! शेरा वाच: कल्पना अत्यंत मौलिक, तरुण पिढीकडून हीच अपेक्षा.

मजकुरात एका शब्दाचा फरक नाही. फक्त वाचणारे वेगवेगळे.

मग कुठे त्यांनी आपली पत्रं उघडली. समितीने मला आणि काकाला बोलावलं. काका इस्त्रीचा सदरा घालून आला आणि सांगून मोकळा झाला की सुका बोंबील कांद्यावर परतायचा, यापलीकडे त्याचं संशोधन गेलेलं नाही. पाचही शेरे टेबलावर शेजारी शेजारी मांडलेले होते. ते वाचून झाल्यावर समितीतलं कुणी आमच्याकडे बघेना. शेवटी ठरलं की काम माझं, तेव्हा अनुदानही माझ्याच नावाने. तुम्हा चौघांना मात्र तीन वर्षं वैज्ञानिक संशोधनासाठी अर्ज करायला बंदी आहे. काकाने ती फार मनाला लावून घेतलीय.

आनंद झालाच, पण घरी येऊन खूप रडले. दोनदा नकार आला तेव्हा मला खरंच वाटलं होतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे. तोच अर्ज दुसऱ्या कुणाच्या हाती पडला असता तर कदाचित तेव्हाच पास झाला असता, हे तुझ्या उपद्व्यापाशिवाय मला जन्मात कळलं नसतं. आत्या, शंभरातले उरलेले एक्क्याण्णव जण आज स्वतःला बिनकामाचे समजत बसले असतील, आणि त्यांच्यातल्या कुणालाच तुझ्यासारखी आत्या नाही.

रविवारी येते. तोवर जीव लावत राहा.

तुझी,
श्वेता