कडेला आलेलं कोपर

१२ फेब्रुवारी

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, मी त्याला भाव देत नाही.

तू पाठवलेला डिजिटल कॅमेरा आता हाताला बसला. माणूस मधोमध घेऊ नका, तो बघतोय त्या बाजूला मोकळी जागा सोडा, हे तुझं म्हणणं पटायला वेळ लागला. जन्मभर कापड मधोमध दुमडून कापलं, शिंप्याचा डोळा मध्य सोडतो होय! पहिल्या फोटोंत शिलाई मशीनसुद्धा नवरदेवासारखं मधोमध बसलंय. आता पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेघा बघून घेतो.

'बटण दाबण्याआधी चारी कडा बघा,' हा दुसरा धडा मात्र जमेना. मी बघतो, कडा मोकळ्या असतात, आणि बटण दाबेपर्यंत काहीतरी घुसतंच. मशीनच्या फोटोत कोपर. जिन्याच्या फोटोत खांदा. खिडकीतल्या कुंड्यांसोबत अर्धा चष्मा आणि एक कान.

तुझी आई, दुसरं कोण! तू लग्न आधी केलंस आणि कळवलंस मग, तेव्हापासून तुझा फोन आला की ती उठून स्वयंपाकघरात जाते. म्हणून तर मी पत्र लिहितो. कॅमेरा आला तेव्हाच तिने बजावलं होतं, "तिला पाठवायच्या फोटोत मला घ्यायचं नाही." मी घेत नाही. तीच येते.

काल मी गंमत केली. गच्चीवरची रिकामी खुर्ची डावीकडे घेतली, उजवीकडे भरपूर जागा सोडली आणि उगाच बटणांशी चाळा करत बसलो. आली. ठेवणीतली शाल, केस विंचरलेले, हातात बादली.

"कपडे वाळत घालायला आलेय," म्हणाली.

बादली कोरडी ठणठणीत. मी बटण दाबलं. मग शेजारी येऊन पडद्यात डोकावली. "फार वाळलेली दिसते का हो मी? उगाच काळजी करील ती."

फोटोंचं कार्ड पाकिटात घातलंय. चुका बिनधास्त काढ. पण तुझ्या सवयीने संगणकावर कडा कातरू नकोस. आणि तुम्ही दोघं येणार असाल, तर या वेळी आधी कळव.

तुझे,
बाबा

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं, तर पत्राच्या वरच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: 'जावयांना तिखट चालतं का?' अक्षर माझं नाही. उत्तर मला देऊ नकोस, तिला फोन कर.