गाऱ्हाण्यातलं नाव

अण्णा, तुमचा बर्नर काढला. आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यातला, तुमच्या हातचा शेवटचा चालू बर्नर. मीच पाना घेऊन उभी होते. बोल्ट गंजून असे बसले होते की दोघांचा जोर लागला, आणि मनात आलं, गेल्यावरसुद्धा हा माणूस सुखासुखी जागा सोडत नाही. बाकीचे सगळे मी एकेक करून कधीच बदलले होते. मिरकरवाड्याच्या अंगाला मासळीची भुकटी करतात तिथला, खेडकडच्या रंगाच्या कारखान्यातला. हा एक उरला होता. आज सकाळी त्याच्या जागी माझा पेटला. खरं तर आज मी पेढे वाटायला हवेत. त्याऐवजी वर्कशॉपमध्ये तुमच्याच खुर्चीत बसून तुम्हांला लिहितेय, कारण जे वाटतंय ते जिवंत माणसाला सांगण्यासारखं नाही. मला तुमचा हेवा वाटतो. भावाभावांत हेवा असतो, जावाजावांत तर असतोच असतो. गेलेल्या बापाचा हेवा करणारी मुलगी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

तुम्हांला ती संकष्टी आठवते का? आई मोदक उकडत होती आणि मी शाळेतून येऊन तुम्हांला विचारलं होतं, की तुम्ही वर्कशॉपमध्ये नेमकं करता काय. बाकीच्या मुलींचे वडील बागायतदार होते, नाहीतर बँकेत, नाहीतर बोटीवर. तुम्हीही बोटीवरचेच, पण कायमचे परत आलेले. बोटीच्या इंजिनरूममध्ये जे शिकलात ते इथं एका पत्र्याच्या शेडमध्ये मांडून बसलेले. तुम्ही मला हाताला धरून ओट्यापाशी नेलंत आणि गॅसवरची चहाची किटली दाखवलीत. "तोंडाशी बघ. काय दिसतं?" तोंडाशी काही दिसत नव्हतं. बोटभर अंतरावर पांढरं सुरू होत होतं. "ते पांढरं म्हणजे वाफ नव्हे, ते पाणी. खरी वाफ दिसत नाही." मग तुम्ही सांगितलंत, की भट्टीचं तेल काकवीसारखं दाट असतं, तसंच ओतलं तर नुसतं धुमसतं. त्याला आधी गरम करायचं, मग कोरड्या वाफेचा झोत मारून त्याचं धुकं करायचं, म्हणजे ते झडझडून जळतं. "आणि वाफ ओली असेल तर?" मी विचारलं. "तर जाळावर कुणीतरी चूळ थुंकल्यासारखं होतं." एवढं बोलून तुम्ही ओली वाफ दाखवायला मोदकपात्राचं झाकण उचललंत. आई म्हणाली, "तुमचं शास्त्र तुमच्या शेडमध्ये. माझे मोदक कच्चे राहतील." तुम्ही निमूटपणे झाकण ठेवलंत. मी त्याच दिवशी ठरवलं, की आपण हेच करायचं. तेव्हा तो हेवा नव्हता, नुसतं प्रेम होतं. दोन्हीची सुरुवात सारखीच होत असावी.

इंजिनिअर होऊन आले तेव्हा पहिला महिनाभर मी कुणाशी धड बोलले नाही. बर्नरचं टोक नव्यानं आखत होते. तुमच्या बर्नरमध्ये तेल आणि वाफ बाहेर पडल्यावर एकमेकांना भेटायची. माझ्यात ती आतच, लहानशा पोकळीत भेटणार होती आणि तिरक्या भोकांतून मिळूनच बाहेर येणार होती. म्हणजे वाफ कमी लागणार, ज्योत आखूड आणि रुंद होणार, भट्टीची मागची भिंत खाल्ली जाणार नाही. लेथवर टोक स्वतः केलं, भोकं स्वतः पाडली. ते तुम्ही हातात घेतलंत, शेडच्या दारात गेलात, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलंत, आणि सगळ्या माणसांदेखत म्हणालात, "चहा गाळायला बरी आहे." माणसं हसली. हसणारच, मालकाचा विनोद. मग तुम्ही शांतपणे समजावलंत, की भोकं बारीक आहेत, आपल्याकडच्या तेलातला गाळ त्यांत चार दिवसांत बसेल. ते बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच जास्त लागलं. चुकीचं बोलला असतात तर मी भांडले असते. पुढं माझ्या वाढदिवसाला तुम्ही मला तुमचा मापं घ्यायचा व्हर्निअर दिलात, बोटीवरून आणलेला, जपून वापरलेला. त्यावर आद्याक्षरं कोरलेली आहेत, तुमची. माझं काम मी आजही तुमच्या नावानं मोजते.

भोकं मोठी केली, कोन बदलला, तेलाच्या वाटेत गाळणी घातली. सहज झालं नाही ते, फार वर्षं गेली त्यात, आणि तुम्ही गेलात तेव्हाही ते पुरं झालेलं नव्हतं. आता झालंय. अण्णा, माझा बर्नर तुमच्यापेक्षा चांगला आहे. वाफ कमी खातो, धूर जवळजवळ नाही, ज्योत भिंतीला शिवत नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही, ज्यांच्याकडे बसवले ते सगळे सांगतात. सांगतात आणि मग पुढं एक "पण" लावतात. लांज्याचे एक काजूवाले आहेत, त्यांच्याकडे बसवून वर्ष झाल्यावर गेले होते. तेल कमी जातं ना, मी विचारलं. जातं की. धूर? छे हो, अजिबात नाही. "पण ताई, अण्णांच्या हाताची सर नाय." कशात सर नाही, असं मी विचारलं तर त्यांना सांगता येईना. कोकम सरबत पुढं करून विषय बदलला. तुमच्या हाताला काय होतं ते मला ठाऊक आहे, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं होतं. त्याची सर मला येणार नाही, हे कबूल.

आणि सगळ्यांत जास्त मला बोचायचं ते या कॅनिंगवाल्यांचं गाऱ्हाणं. दरवर्षी आंब्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मोठा बॉयलर पेटवतात तेव्हा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. घालणारा त्यांचा बॉयलरवाला, तुमच्या वेळी तरणाबांड होता, आता केस पिकलेत. ग्रामदेवतेला हाक घालतो, मग कारखाना उभा करणाऱ्या थोरल्या शेठना आठवतो, आणि मग न चुकता, "अण्णांनी हा जो बर्नर घातलानी हाय, त्याला येश दे म्हाराजा." सगळे म्हणतात, "होय म्हाराजा." तुम्ही असताना तुम्ही तिथं वाफेच्या नळीपाशी मान खाली घालून उभे असायचात, एक हात खालच्या कॉकवर. शेवटचं "होय म्हाराजा" झालं की कॉक बंद करायचात आणि मान हलवायचात, की मग पेटवत. लोक म्हणायचे, केवढा भाविक माणूस. मला वाटायचं, केवढं नाटक. घरी तुम्ही देवाला साधी फुलं वाहत नव्हतात. तुमच्या मागं देखभालीला मी जाऊ लागले, तर मला तुमच्याच जागी, तुमच्याच उघड्या कॉकपाशी उभं करतात आणि तुमचं नाव ऐकवतात. दरवर्षी वाटायचं, एकदा, फक्त एकदा, त्या गाऱ्हाण्यात माझं नाव यावं. हसू नका. माणसाला कशाची हाव सुटेल, सांगता येत नाही.

यंदा धाकटे शेठ तयार झाले. पुढंमागं गॅस येईलच, पण तोवर तेलाचा खर्च परवडत नाही म्हणाले, तुमचा बसवा. मी दिवसरात्र एक करून बसवला. आज सकाळी सगळे जमले. त्यांची पद्धत तुम्हांला माहीत आहे, अंगणापलीकडे तो लहान लाकडावरचा बॉयलर आधी पेटवतात आणि त्याची वाफ लांब नळीतून मोठ्याच्या बर्नरला देतात. नारळ ठेवला होता, उदबत्ती लावली होती. बॉयलरवाला टोपी सारखी करून पुढं आला आणि मी म्हटलं, "आधी पेटवू, गाऱ्हाणं मागाहून घाला."

तो थबकला. "ताई, आदी गाऱ्हाना, मग आग. अण्णांच्या टायमापासना असाच चाललाय."

"आता अण्णांचा टाइम नाही," मी म्हटलं. आवाज मला हवा होता त्याहून चढला. शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाले, "राहू दे रे, ताई म्हणतात तसं करू." तो बाजूला झाला. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हांला सांगते. मला माझी ज्योत तुमच्या नावाच्या आधी पेटलेली बघायची होती. एकदा पेटली की मग काय ते नाव घ्या.

मी वाफ सोडली, तेल सोडलं, ठिणगी दिली. ज्योत धरली, अगदी मला हवी तशी, आणि दुसऱ्याच क्षणी फाट् करून फुटली, फुरफुरली, थुंकल्यासारखं झालं आणि विझली. यंत्रानं आपणहून तेल तोडलं, तेवढी अक्कल मी त्यात घातलेली आहे. पण तेवढ्यात एक काळा लोट बाहेर आला आणि शेठच्या पांढऱ्या शर्टावर आणि नारळाच्या शेंडीवर काजळी बसली. बॉयलरवाल्यानं हळूच कानाची पाळी धरली. देव रागावला, एवढंच त्याच्या तोंडावर होतं. माझ्या डोळ्यांपुढं देव नव्हता, आपलं स्वयंपाकघर होतं. पाणी. अंगणभर लांबीची थंड नळी, रात्रभर गार पडलेली, तिच्यात पहिली वाफ शिरली की तिचं पाणीच होणार. मी पाणी काढायला सापळा बसवलाय, पण तो चालू कामापुरता, गार नळीचा पहिला लोंढा त्याला झेपत नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवते, अण्णा. आधी कॉक उघडा, नळी तापू द्या, पाणी जाऊ द्या, हे मीच सांगत फिरते. आणि आज तुमच्या नावाच्या पुढं जायच्या घाईत मीच विसरले.

मग कळलं, तुम्ही तिथं मान खाली घालून काय करत होतात. तुम्ही कॉककडे बघत होतात. बोटीवरच्या शिस्तीच्या माणसांना जे चार शब्दांत सांगता येतं ते इथल्या माणसांना सांगून हंगामाच्या घाईत कुणी पाळलं नसतं. थांबा म्हटलं की थांबणार नाहीत, पण गाऱ्हाणं अर्धं टाकून कुणी आगीला हात लावणार नाही. तुम्ही नळीचं पाणी काढायचं काम देवाच्या गळ्यात बांधलंत आणि वर भाविक म्हणवून घेतलंत. एवढं चतुर असायची काय गरज होती? आणि मला का नाही सांगितलंत? मी दरवर्षी शेजारी उभी होते. सांगितलं असतंत तर मीही मनातल्या मनात हसले असते तुमच्याबरोबर. त्या हसण्यात तुम्ही मला घेतलं नाहीत, याचा आज मला बर्नरपेक्षा जास्त हेवा वाटला.

भट्टीतला धूर काढायला पंखा चालू केला, खालचा कॉक पूर्ण उघडला आणि बॉयलरवाल्याला म्हटलं, "घाला गाऱ्हाणं. चांगलं लांबलचक घाला." त्याचा चेहरा उजळला. कॉकमधून पाणी भसाभसा येऊ लागलं. त्यानं ग्रामदेवतेला हाक घातली, थोरल्या शेठना आठवलं, आणि मी, एवढं सगळं होऊनसुद्धा, कान टवकारून उभी. आता घेईल, आता घेईल. नाव त्याला ठाऊक आहे, माझ्या मुलाच्या लग्नाची पत्रिका त्याच्या घरी गेलेली आहे. तो म्हणाला, "अण्णांच्या लेकीन हा जो नवा बर्नर घातलान हाय, त्याच्या आड काय वाकडातिकडा येत असंल, ता दूर कर, आनि त्याला उदंड येश दे म्हाराजा."

अण्णांच्या लेकीन. म्हणजे तिथंही आधी तुम्ही, मग मी. रागानं माझी कानशिलं तापली. आणि अण्णा, त्याच वेळी माझी मान आपोआप खाली गेली होती, कारण कॉकच्या तोंडाकडे बघायला ती खालीच घालावी लागते. पाणी संपत आलं होतं, पांढरं फुरफुरत होतं, मग पांढरं जरा पुढं सरकलं, आणि अगदी तोंडाशी काही दिसेनासं झालं. बघणाऱ्यांना वाटलं असेल, मुलगी बापाच्या वळणावर गेली. मी कॉक बंद केला आणि मान हलवली. ज्योत पेटली ती पेटलीच. आखूड, रुंद, मागच्या भिंतीपासून हातभर लांब, एका सुरात गुरगुरणारी. शेठ काचेतून बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, आज अण्णा असायला हवे होते. काय म्हणाले असते हो?" मी म्हटलं, "चहा गाळायला बरी आहे, म्हणाले असते." त्यांना काही कळलं नाही, पण हसले.

तुमचा जुना बर्नर इथं समोर टेबलावर पडलाय. भंगारवाला दोनदा विचारून गेला. हे पत्र पाकिटात घालायचं म्हटलं तर पाकिटावर पुन्हा तुमचंच नाव लिहावं लागेल, आणि तेवढं मन माझं अजून मोठं झालेलं नाही. म्हणून ते इथंच राहील. दुसरंही एक कारण आहे. बॉयलरवाल्यानं तुमचं नाव घेतलं, आणि सगळे "होय म्हाराजा" म्हणाले, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. ते तुम्हांला कळायला नको.