मावशींचा अर्ज आणि माझा गुडघा

४ मार्च, पहाट
चाळीस मुलं एका चालीत कविता म्हणायची आणि मी पट्टीनं टेबलावर ताल धरायचो. ठक, ठक-ठक. आज तोच आवाज कानी आला. पुरता जागा झालो तेव्हा कळलं, मीच वॉकर आपटत बाथरूमकडे निघालो होतो.
नव्या गुडघ्याला दोन महिने झाले. व्यायाम उद्यापासून. दिवसातून तीनदा.

५ मार्च
हॉस्पिटलातल्या वॉर्डच्या मावशी घरी आल्या. ऑपरेशननंतरची पहिली चार पावलं त्यांनीच टाकायला लावली होती. पंधरा वर्षं बेडपॅन उचलतायत. आता फिजिओ असिस्टंटच्या कोर्सला मावशी आणि वॉर्डबॉय यांच्यासाठी सहा जागा ठेवल्यात. आजवर तिथं शिकल्यासवरल्या घरचीच मुलं. अर्जाला 'मला हे काम का करायचं आहे' असं एक पान जोडायचं. ते लिहूनच आणलं होतं. "सर, शुद्धलेखन तेवढं बघा. पंधरा तारीख शेवटची."
म्हटलं, निर्धास्त राहा.

६ मार्च
फार कोरडं लिहिलंय. 'पडलेला माणूस परत चालायला लागला की मला बरं वाटतं.' ही काय सुरुवात झाली? खोडली. पहाट घातली. पाखरंही घातली.
व्यायाम: पाय जड होते.

१० मार्च
सुनेला वाचून दाखवलं. म्हणाली, "बाबा, यात मावशी कुठं आहेत?" पाखरांच्या मागे आहेत, म्हटलं. तिला काव्याचं अंग नाही.
फिजिओ येऊन गेला. गुडघा सत्तर अंश वाकतो, नव्वद हवा. रोज करता ना, म्हणाला. मान डोलावली. मानेचा व्यायाम झाला.

१४ मार्च
मावशींचा फोन. "झालं का हो सर? नाहीतर राहू द्या." शेवटचं कडवं राहिलंय, म्हटलं. फोन ठेवला. भारावल्या असाव्यात.

१५ मार्च, दुपारी २
'अंधार' आणि 'आधार' यांच्यात अडकलोय. जरा पडतो.
संध्याकाळी ६
डोळा लागला. सुनेला स्कूटरवर पिटाळलं. ऑफिस पाचलाच बंद. एका दिवसानं काय बिघडतं?

१७ मार्च
बिघडतं. क्लार्क म्हणाला, "आजोबा, एक मिनिटसुद्धा नाही." जागा नव्या, खिडकी जुनीच.
मावशींना सांगायला हवं. सकाळी ड्यूटीवर असतील, दुपारी दमल्या असतील. उद्या नक्की.

२ एप्रिल
उद्या नक्की.

११ जून
अजून सांगितलेलं नाही. त्यांचाही फोन नाही. पंधरा वर्षांची उमेद माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे, यमकासकट. अशा मनःस्थितीत व्यायाम कसा होणार?

२० ऑगस्ट
बेल वाजली. फिजिओची वेळ. घाईघाईनं पाय सतरंजीवर पसरला, थोड्या धापाही टाकल्या. सुनेनं दार उघडलं.
दारात मावशी. निळा कोट, हातात गुडघा मोजायची पट्टी. "साहेब गाडी लावतायत. मी शिकाऊ."
धापा टाकायचं थांबवलं. म्हटलं, "तुमचा कागद..."
"तुमच्याकडे द्यायच्या आधी फोटो काढला होता, सर. फोनवर तुम्ही कडवं म्हणालात ना, तेव्हाच उठले आणि तस्सा उतरवून देऊन आले."
"चुकांसकट?"
"चुकांसकट. व्यायाम रोज करता?"
"रोज."
त्यांनी पट्टी लावली, पाय हलकेच वाकवला आणि वहीत लिहिलं: 'अठ्ठावन्न अंश. रोज करत नाहीत. रोज यावं लागेल.'
दोनदा वाचलं. खोडण्यासारखं काही सापडलं नाही.