एक्केचाळीस नंबरची फुंकर

सोम. ६ सप्टें. ८२
सकाळपासून फुंकणी खोलून बसले. कागदोपत्री ‘पोर्टेबल स्पायरोमीटर’, पण गिरणीवाल्यांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं आणि आता आमच्या हॉस्पिटलच्या लॅबचे सरसुद्धा फुंकणीच म्हणतात. नळीत जोरात फुंकायचं, छातीतून वारा किती आणि किती झपाट्याने सुटतो त्याची रेघ कागदावर उमटते. आतली जाळी माणसाच्या वाफेने ओली होते आणि आकडा फुगतो. तारेचं वेटोळं घालून जाळी गरम ठेवायची युक्ती आज एकदाची जमली. सर म्हणाले, “बरं झालं.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे शाल-श्रीफळच.

दुसरी फेरी रविवारपासून. पहिली मार्चमध्ये, संप ताजा होता तेव्हा. वीस-वीस वर्षं कापसाची धूळ ओढलेली माणसं आता महिनोन्महिने धुळीबाहेर आहेत, तर छाती सुधारते का, हे बघायचं. सर म्हणतात, या प्रयोगासाठी एरवी कुणी गिरण्या बंद ठेवून दिल्या असत्या? खरंय. पण ते असं उत्साहाने बोलायला लागले की मला उठून जावंसं वाटतं. यादीतला नंबर ४१ माझे अण्णा आहेत.

रवि. १२ सप्टें.
डिलाईल रोडच्या व्यायामशाळेत टेबल मांडलं. मार्चमध्ये रांग रस्त्यापर्यंत होती. आज मी नंबर पुकारायचे आणि बाकावरचे दोघे-तिघे उत्तर द्यायचे. “गावी.” “गावी.” “तो भायखळ्याला भाजी विकतो.” “गावी.” आमचे अण्णा-आई पण गावीच, मे महिन्यापासून. मला नोकरी आहे म्हणून मी इथे.

वेळेवर आला फक्त ५७. वसंता. आमच्याच चाळीत खालच्या गाळ्यात राहतो. अण्णांच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या, नऊ वर्षं बदली कामगार. अण्णांचा खाडा झाला की त्यांच्या जागी हा उभा राहायचा. कबड्डीवाला, छाती दारासारखी.
“पास ना मॅडम?”
“ही परीक्षा नाही.”
“मग नाकाला चिमटा कशाला? प्रश्नांचा वास येऊ नये म्हणून?”
हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

शुक्र. १ ऑक्टो.
आईचं पत्र. मास्तरांच्या मुलीकडून लिहवून घेतलेलं. “तुझे अण्णा विहिरीची घाटी चढताना दोनदा बसतात. बाकी प्रकृती उत्तम.” बाकी म्हणजे काय उरलं?

मार्चचा ४१ चा आकडा खात्यातल्या सगळ्यात चांगल्यांपैकी होता. सर म्हणाले होते, तुझे वडील लोखंडाचे आहेत. त्याच भरवशावर कुणाला न दाखवता मी त्यांना गावी जाऊ दिलं. वयामुळे असेल. पण बावन्न म्हणजे काही...

रवि. २४ ऑक्टो.
मजल्यावर अकरा खोल्या, सात कुलपं. एकटीपुरता भात टाकायला अजून जमत नाही, हात तिघांच्या मापाने जातो. सकाळी फोडणीचा भात, दुपारी फोडणीचा भात.

आज दिवसभर कुणाशी एक शब्द बोलले नाही. एकटं वाटतं. लिहून टाकलं. संध्याकाळी, फेरीसाठी घरी आणलेली फुंकणी काढून स्वतःच फुंकलं. माझी रेघ सरळ, निर्व्यसनी, कंटाळवाणी. ५७ ची मजेदार आहे. आधी क्षणभर अडखळते, मग एकदम सुटते आणि शेवटाला एक बारीकशी पायरी. ज्याची त्याची रेघ ज्याच्या त्याच्या चालीसारखी असते. त्याचा कागद दोनदा काढून पाहिला. कामासाठी, असं म्हणू या.

शनि. ४ डिसें.
अण्णा आले, एकटेच. आई गावीच राहिली. गिरणी एक पाळी सुरू करणार अशी कुजबुज त्यांच्यापर्यंत पोचली. “जागा जाता नये, बाय.” एवढंच कारण.

मी सामान घेऊन पुढे, ते मागे. तीन जिने. प्रत्येक मजल्यावर कुणाची तरी चौकशी करायला थांबले. दुसऱ्या मजल्यावर तर कुणीच नव्हतं, तरी कुलपासमोर उभे राहून “खंय गेले सगळे?” म्हणत पुष्कळ वेळ काढला. मी पायरीवर उभी राहून ऐकत होते. शब्दांच्या मधे शिटीसारखा आवाज येत होता.

रवि. ५ डिसें.
घरच्या माणसाचं मोजमाप स्वतः घ्यायचं नाही हा सरांचा नियम. मोडला.
“नको गो. मार्चात झाली ना एकदा?”
“दुसरी फेरी आहे अण्णा. सगळ्यांची घेतो.”
तीनदा फुंकायचं असतं. दुसऱ्या वेळी खोकल्याची उबळ आली, तिसऱ्या वेळी नळी तोंडात धरवेना. आकडा मार्चच्या निम्म्याहून खाली. रबरी नळी फाटली असेल म्हणून नवी लावली, पुन्हा घेतलं. तोच.
“तुझी मशीन बिघडली,” अण्णा म्हणाले.
“हो, बिघडलीय,” मी म्हटलं.

बुध. ८ डिसें.
मशीन बिघडलेली नाही. तीन लिटरच्या पिचकारीने वीसदा हवा सोडून पाहिली, वीसदा तीनच दाखवते. नियम मोडल्याचं सरांना सांगितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, “मग मार्चचा आकडा चुकला. त्या दिवशी टेबलावर कोण होतं?”

मी नव्हते. अण्णांची पाळी म्हणून त्या दिवशी मला लॅबमध्ये बसवलं होतं. टेबलावरच्या माणसाला चेहरे ओळखीचे नव्हते. नंबर पुकारला, कुणी उठलं, फुंकलं, कागद फाडला. झालं.

गुरु. ९ डिसें.
४१ चा मार्चचा कागद काढला. अडखळ, सुटका, शेवटाला पायरी.

५७ चा कागद त्याच्यावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला लावले. एकच रेघ दिसते. राग आला, आणि त्या रागातही आधी मनात काय यावं, तर याच माणसाने मला त्या रविवारी हसवलं होतं. मूर्ख आहे मी.

शनि. ११ डिसें.
नळावर गाठलं वसंताला. लपवलं नाही त्याने.
“अण्णांनीच सांगितलं. सुट्टीनंतर सोमवारी धुळीत शिरले की त्यांची छाती धरायची, तेव्हा पण मीच उभा राहायचो ना? बदली भरली. यात काय मोठं?”
“अरे, छाती मोजायची होती, पाळी भरायची नव्हती!”
“तेच तर. डॉक्टरचा कागद मॅनेजरकडे जाणार, खराब छातीवाल्याला परत आत घेणार नाय, असं आख्खं खातं बोलत होतं.”
“कागद कुठेच जाणार नव्हता. मी स्वतः सांगितलं होतं सगळ्यांना.”
“तुम्ही सांगितलं, बरोबर. पण तुम्ही हॉस्पिटलच्या.”

मी याच चाळीत जन्मले. अण्णांचा डबा घेऊन मी कितीदा गिरणीच्या दारात उभी राहिले आहे. आणि मी हॉस्पिटलची. बादली न भरताच वर आले.

मागाहून तो जिन्यात आला आणि नावं सांगून गेला. एकूण सात जणांची बदली भरली गेली. त्यातले तिघे याच्याच छातीवर पास झाले आहेत.

सोम. १३ डिसें.
रात्रंदिवस एकच घोळ डोक्यात. गप्प बसले तर आमच्याच कागदावर लिहिलेलं राहील की कार्डिंगमध्ये जन्म काढलेल्या माणसाची छाती लोखंडाची असते. अण्णा तोच कागद डोक्याशी घेऊन पुन्हा धुळीत जातील. सांगितलं तर अण्णांनी झाकलेलं मी उघडं केलं, आणि खात्यानेही.

सांगितलं. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग रजिस्टर ओढून सातही नंबरांवर काट मारली. “पेपर लंगडा होणार,” म्हणाले. वर्षाचं काम आहे त्यांचं. रजिस्टर मिटून म्हणाले, “वडिलांना घेऊन ये शुक्रवारी. नंबर म्हणून नको, पेशंट म्हणून.”

शुक्र. १७ डिसें.
हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, पाठीवर ठोकून पाहिलं, नीट समजावून सांगितलं. गेली ती छाती परत येत नाही. उरली आहे ती राखता येईल, पण कार्डिंगमध्ये पुन्हा पाऊल टाकायचं नाही. अण्णांनी विचारलं, “आणि जागा?” डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

परळ नाक्यावर अण्णा थांबले:
“तू लिवन दिलंस?”
“खरं होतं ते लिहिलं.”
“माझ्या नावासमोर?”
“नावं नसतात अण्णा. नंबरासमोर.”
“नंबर म्हणजे मीच ना.”
त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी पिशवी त्या हातात घेतली.

बुध. २६ जाने. ८३
सुट्टी. खोलीत दोघं. अण्णा पेपर उलगडून बसतात, पान उलटत नाहीत. जेवण वाढलं की जेवतात, ताट उचलून ठेवतात, “मीठ बरोबर आसा” एवढं म्हणतात. एकटी होते तेव्हा निदान कुणी रुसलेलं नव्हतं.

संप मिटला असं कुणी म्हणत नाही. पण गिरणीच्या दाराला यादी लागली. अण्णांचं नाव आहे. ७ तारखेला हजर व्हायचं. जाणाऱ्यांना फुटीर म्हणणारे आहेत, न जाणाऱ्यांना वेडे म्हणणारेही आहेत. अण्णा जाणार का हे विचारायची छाती मला होत नाही.

शनि. ५ फेब्रु.
“जाणंय नाय मी,” अण्णा म्हणाले. चहा पिताना, सहज.

मी कप खाली ठेवला आणि रडले. लाज वाटली, पण रडले. बाजारातून बांगडे आणले. तिरफळं घालून केले, आईसारखे नाही झाले, तरी अण्णांनी दोन खाल्ले आणि तसं बोलूनही दाखवलं. इतके दिवस छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं होतं ते उतरलं. एकदम कसं ठरवलंत, हे विचारलंच नाही. विचारायला हवं होतं.

सोम. ७ फेब्रु.
सकाळी भोंगा झाला. वर्षाने. चाळीतल्या कुत्र्यांनी पण माना वर केल्या.

गॅलरीत अण्णा आधीच उभे. खाली वसंता, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, चेहरा नवरदेवाचा. वर बघून ओरडला, “मॅडम, कायम झालो!” मी हात हलवला. आपोआपच हलला तो.

मग अण्णा सावकाश सांगायला लागले. शुक्रवारी जॉबरला, खात्याच्या मुकादमाला, भेटून आले होते. माझ्या जागेवर वसंताला घ्या म्हणाले. नऊ वर्षं बदली भरली त्याने, कायम होण्याची त्याची पाळी होतीच.
“अण्णा, तिथे त्याची छाती...”
“जागा रिकामी कशी ठेवतलंय?”

वसंता कोपऱ्यावर वळला. चालताना दोन्ही हात मोकळे टाकून चालतो, डब्यासकट. मी बघत राहिले.
“त्याचो आकडो किती होतो गो?” अण्णांनी विचारलं.
“साडेचार लिटर.”
अण्णा कठड्याला टेकून बराच वेळ श्वास गोळा करत होते. मग म्हणाले, “माझो पण तेवढोच असतलो. कामाक लागलंय तेव्हा.”

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हॉस्पिटलला जायला उशीर झाला होता, तरी तिथेच उभी राहिले. चारला पाळी सुटेल. तेव्हा गेटवर जाऊन त्याला गाठायचं आणि सांगायचं. काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.